शाळेच्या वेळीच पोट का दुखतं?

सकाळचे सात. तव्यावर पोळी, डबा अर्धा भरलेला, रिक्षावाले काका दहा मिनिटांत दारात येणार. नेमके तेव्हाच चिरंजीव पोट धरून बसतात. "आई, दुखतंय गं!" आणि तुमच्या तोंडून निघतं, "पुरे ती नाटकं!" खरं ना?

मैत्रिणींनो, माझ्याही तोंडून निघालं होतं. पण हे दुखणं बहुधा खोटं नसतं. मुलाला भीती शब्दांत सांगता येत नाही, मग ती पोटातून बोलते. धास्तीनं आतड्यांची हालचाल बदलते आणि कळ खरोखरच येते. परीक्षेच्या दिवशी आपल्या पोटात नव्हता का गोळा येत?

आधी डॉक्टरांना दाखवाच. ताप, उलट्या, घटणारं वजन, झोपेतून उठवणारी कळ असेल तर ते मनावर ढकलू नका. तपासणीत काही निघालं नाही, तर मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करा. कोणत्या वारी दुखलं? सुटीत दुखतं का? आमच्याकडे महिनाभरानं पाहिलं, तर सगळ्या खुणा मंगळवारी नि शुक्रवारी!

समोर बसवून "सांग, काय झालं?" विचारलंत तर मूल गप्प होतं. मटार सोलताना सहज विषय काढला, तेव्हा कळलं. त्या दोन वारी वर्गात मोठ्यानं वाचायला लावत. हा अडखळे, मुलं हसत. बुद्धी चांगली असूनही काही मुलांना अक्षरं जुळवणं जड जातं. त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात. तो आळस नव्हे. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळही मिळतो.

दंगा करणारा मुलगा सगळ्यांच्या नजरेत येतो हो! पण मधल्या सुटीत एकटीच बसणारी मुलगी 'गुणी' म्हणून सुटून जाते. तिच्याकडेही बघा.

मुलाला आठवडेच्या आठवडे घरी ठेवू नका, भीती वाढते. वर्गात मारणं किंवा मानसिक छळ करणं २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं मना आहे, हे ठाऊक असू द्या. आणि कुणाशी बोलावं ते सुचेना, तर १४४१६ या सरकारी 'टेलि-मानस' क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो, मराठीतूनसुद्धा.

मी बाईंकडे तक्रार नेली नाही, कॅलेंडरचं पान नेलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. मोठ्यानं वाचायला लावणं थांबलं. पोटदुखी दोन महिने रेंगाळली, मग गेली. वाचन अजून अडखळतंच. दर शनिवारी विशेष शिक्षिकेकडे जातो.