घासलेला पिवळा रंग जातो कुठे?

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. त्याआधी आष्टीसारख्या गावात रस्त्याकडेच्या गॅरेजपुढे जुन्या स्कूल बस रांगेने उभ्या राहतात. गंजका पत्रा कापायचा, फुगलेला रंग खरवडायचा, लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायचे, मग प्रायमर. गन मारण्यापेक्षा या तयारीलाच जास्त दिवस जातात आणि रंगाऱ्याच्या प्रकृतीचे नुकसानही बहुतेक इथेच होते.

वाहनांच्या पिवळ्या-नारिंगी रंगांत वर्षानुवर्षे लेड क्रोमेट वापरले गेले. म्हणजे शिसे आणि कर्करोगकारक क्रोमियम, दोन्ही. पत्र्यावर असतो तोवर तो रंग निरुपद्रवी. कोरडा घासला, त्यातही ग्राइंडर लावला, की त्याची धूळ श्वासातून आणि हातावरून तंबाखू-भाकरीबरोबर पोटात जाते. पोटात कळा, बद्धकोष्ठ, रक्त कमी, हाताला मुंग्या अशा तक्रारी घेऊन माणूस येतो आणि आम्ही डॉक्टर त्याचा कामधंदा न विचारताच पित्ताच्या गोळ्या लिहून मोकळे होतो. ही चूक मीही केली आहे. रक्तातील शिशाची तपासणी ग्रामीण रुग्णालयात सहसा होत नाही, पण निदान शंका तरी यायला हवी. हाडांत साठलेले शिसे दशकानुदशके राहते.

धूळ कपड्यांवरून घरीही जाते. लहान मुले पोटात गेलेले शिसे मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात आणि त्याचा परिणाम मेंदूवर होतो. गूळ खाल्ल्याने छाती साफ होते, हा समज सोडावा. तोंडाला बांधलेला रुमालही बारीक धूळ अडवत नाही.

जुना रंग वॉटर पेपरने, पाणी मारत घासावा. पत्रा गंजेल म्हणून कारागीर हे टाळतात. त्यावर उपाय म्हणजे उघडा पत्रा लगेच पुसून-सुकवून त्याच दिवशी प्रायमर मारणे. खाली ताडपत्री हवीच, कारण सांडलेला चिखल वाळला की पुन्हा धूळ होतो. घासताना एन-९५ मास्क लावावा. थिनरच्या वाफेला मात्र तो चालत नाही, तिथे कार्ट्रिजचा मास्क लागतो. हात साबणाने धुवावेत, थिनरने नव्हे.

घरगुती रंगांतील शिशावर 1 नोव्हेंबर 2017 पासून 90 पीपीएमची मर्यादा आहे. वाहनांचे रंग त्या नियमाबाहेर ठेवले गेले. मुलांना नेणाऱ्या बसला तरी ही सूट नको, असे माझे मत आहे. तोवर शाळांनी रंगकामाचा दर ठरवतानाच ओल्या घासाईचे आणि मास्कचे पैसे त्यात धरावेत.