सापडली म्हणून आपली?

समुद्रात डुंबताना बोटातली अंगठी कधी निसटते, कळतही नाही. थंड पाण्यात बोटे आक्रसतात आणि एखादी लाट अंगठी घेऊन जाते. इंग्लंड-अमेरिकेच्या किनाऱ्यांवर हौशी मंडळी मेटल डिटेक्टर घेऊन अशा वस्तू शोधत फिरतात. वाळूत धातू असला की यंत्र वाजते. पण शीतपेयाच्या डब्याची अ‍ॅल्युमिनियमची कडीही सोन्यासारखीच वाजते!

खरी कसोटी दागिना हाती लागल्यावर. अमेरिकेत शाळा-कॉलेज संपताना विद्यार्थी जी अंगठी घेतात, तिच्यावर संस्थेचे नाव आणि वर्ष असते. आत आद्याक्षरे असतील तर जुन्या यादीवरून मालक सापडू शकतो. इंग्लंडच्या १९६८ च्या कायद्यानुसार, रास्त प्रयत्नांनी मालक सापडेल हे ठाऊक असूनही वस्तू ठेवून घेणे चोरी ठरू शकते.

आपल्याकडेही तसेच आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती ठेवीसारखी सांभाळायची असते. मालकाचा शोध न घेताच ती लाटली, तर २०२३ च्या भारतीय न्याय संहितेनुसार शिक्षा होऊ शकते.

तेव्हा रस्त्यात कुणाचे मंगळसूत्र सापडले, तर पोलीस ठाण्यात नोंद करा. कुणी मागायला आले, तर आधी दाखवू नका, खूण विचारा. आणि हो, स्वतःच्या अंगठीच्या आतही सोनाराकडून नाव-तारीख कोरून घ्या. उद्या ती एखाद्या प्रामाणिक माणसाला सापडली, तर त्याला तुमच्यापर्यंत पोहोचता यायला हवे ना!