तुटलेल्या बोल्टची मजुरी

उसाचा हंगाम ऐन भरात असताना एखाद्या ट्रॅक्टरच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटतो, तेव्हा तुटलेल्या वस्तूची किंमत क्षुल्लक असते. परंतु तिच्यापायी होणारे नुकसान क्षुल्लक नसते. खेप चुकली की वाहतूकदाराचे भाडे बुडते, तोडलेला ऊस फडात वाळून वजनात घटतो. साहजिकच मालक घाईत असतो, आणि ज्या कामासाठी तो गॅरेजच्या दारात उभा असतो, ते काम घाईचे मुळीच नसते.

इंजिनाच्या या भागातील बोल्ट वर्षानुवर्षे तापतात आणि निवतात. गंजाने आटे जखडून जातात. अशा बोल्टवर पान्याचा जोर वाढवला की माथा तुटून हाती येतो आणि दांडा हेडमध्येच राहतो. तो थोडासा वर राहिला असेल तर मिस्त्री त्यावर नट बसवून वेल्डिंग करतो. त्या उष्णतेने गंजाची पकड सुटते आणि पान्याने हळूहळू पुढे-मागे करीत दांडा बाहेर काढता येतो. दांडा आतच तुटला असेल तर मात्र खरी परीक्षा. प्रथम त्यावर गंज सोडवणारे तेल टाकून ते मुरू द्यावे लागते, प्रसंगी रात्रभर. मग सेंटर पंचने नेमका मध्य साधून आधी बारीक, नंतर जाड ड्रिल चालवावे लागते. बोल्ट जेमतेम ८ मिलिमीटरचा असेल तर ड्रिल किंचित जरी एका अंगाला गेले, तरी ते हेडमधील आटे खाऊन टाकते. शेवटी त्या भोकात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर बसवून दांडा उलटा फिरवायचा. हे हत्यार अतिशय कठीण, आणि म्हणूनच ठिसूळ असते. ते आत मोडले तर साधे ड्रिल त्याला कापू शकत नाही; हेड उतरवून मोठ्या वर्कशॉपमध्ये न्यावे लागते, आणि तासाभराच्या कामाचे दिवस होतात. येथे जोर लावण्यापेक्षा जोर कोठे थांबवावा हे कळणे अधिक मोलाचे ठरते.

या कळण्याला बाजारात भाव काय मिळतो? नव्या सुट्या भागाची छापील किंमत ग्राहक निमूटपणे देतो. घासाघीस करतो ती मजुरीत. ‘एक बोल्ट काढायचे एवढे पैसे?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांत स्वतःच्या अनुभवाबद्दल दरवर्षी वेतनवाढ घेणारे आपण सुशिक्षित नोकरदारही असतो, हे मान्य केले पाहिजे. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात धंद्याधंद्यांतील वेतनभेदाची जी कारणे दिली, त्यांत धंदा शिकण्याचे कष्ट व खर्च आणि कारागिरावर टाकावा लागणारा विश्वास ही दोन्ही येतात. मिस्त्रीच्या बाबतीत दोन्ही लागू असून पदरात काही पडत नाही. उलट हत्यार आत मोडले तर दोष त्याचाच, आणि पुष्कळदा भुर्दंडही त्याचाच. ज्या कामात यश आले तर चार पैसे आणि अपयश आले तर हेडची भरपाई, ते काम शहाणा माणूस का पत्करील? ‘हेडच बदला’ असे सांगणे त्याला अधिक सुरक्षित, आणि त्यात सुट्या भागावरील कमिशनही सुटते. मजुरी नाकारणारा ग्राहक अखेरीस तीच रक्कम, किंबहुना अधिक, वस्तूच्या रूपाने मोजतो.

शासनाचे धोरणही याच गैरसमजावर उभे आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. त्याखालील नियमांत २०१९ मध्ये दुरुस्ती झाली; तीनुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर उमेदवार घेण्याची सक्ती आली, आणि ४ पासून पुढील आस्थापनांना ते ऐच्छिक झाले. आता दोन-तीन माणसांचे गॅरेज, जेथे हे कौशल्य प्रत्यक्ष हातातून हातात जाते, ते या हिशेबात बसतच नाही. तेथील मुलाला ना विद्यावेतन, ना प्रमाणपत्र. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र शासनाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात शेतीची अवजारे व मोटारवाहने यांचा समावेश केला, हे स्वागतार्हच. परंतु माहितीपत्रक आणि सुटा भाग मिळाला, तरी अडकलेला दांडा कोणाच्या तरी हातानेच निघायचा असतो.

एका पेठेतील वा एका रस्त्यावरील लहान गॅरेजांना एकत्र धरून एकच आस्थापना मानले, तर त्यांनाही उमेदवार घेता येतील; यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. ग्राहकाच्या बाजूने करण्यासारखे त्याहून सोपे आहे. काम हाती देण्यापूर्वीच, दांडा निघाला तर मजुरी किती आणि हत्यार आत मोडल्यास खर्च कोणी किती सोसायचा, हे ठरवून घ्यावे, आणि तेल मुरण्यासाठी गाडी रात्रभर गॅरेजमध्ये राहणार असेल, तर सकाळी जाऊन ‘रात्री काय केलेत?’ असे मिस्त्रीला विचारू नये.