डाव सोडून जाणारा कर्णधार

पुण्यात अप्पा बळवंत चौकातून जोगेश्वरीकडे वळलं की एका जुन्या वाड्याच्या माडीवर दर रविवारी दुपारी १९४८ साल चालू असतं. टेबलावर एक लॅपटॉप, तपकीर गल्लीतून आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड आणि दोनशेपानी वहीत पट्टीने रेघा मारून केलेलं स्कोअरबुक. इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलाने प्रोग्राम लिहिलाय. जुन्या रणजी सामन्यांतल्या खेळाडूंच्या सरासऱ्या त्यात भरलेल्या आहेत आणि प्रत्येक चेंडूचं काय झालं ते तो प्रोग्राम सांगतो. बँकेतून निवृत्त झालेले काका ते वहीत उतरवून घेतात. मी चहापुरता जातो. शाळेत पुस्तकाचं पान उघडून शेवटच्या आकड्यावर धावा मोजायचो, त्याचाच हा मोठा झालेला भाऊ.

सध्या तिथे भांडण जुंपलंय ते कर्णधारावरून. आजवर गोलंदाज कधी बदलायचा, डाव कधी घोषित करायचा हे माणसं ठरवत होती. मुलाने आता तेही कॉम्प्युटरकडे दिलं. काकांना ते अजिबात मान्य नाही.

मुलाची बाजू आधी घेतो, कारण ती भक्कम आहे. जुना सामना पुन्हा खेळवणारा माणूस दोन्ही संघांचा कर्णधार असतो आणि त्यातला एक संघ त्याचा लाडका असतो. काकांनी मागच्या महिन्यात मुंबईच्या डावात दमलेल्या गोलंदाजालाच सलग चौदा षटकं दिली होती, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. कॉम्प्युटरला लाडकं-दोडकं नसतं. नियमही तो विसरत नाही. १९७१ च्या किंग्स्टन कसोटीत पहिला दिवस पावसाने गेला, सामना चार दिवसांचा उरला आणि भारताच्या ३८७ समोर वेस्ट इंडीज २१७ वर संपलं. चार दिवसांच्या सामन्यात १५० च्या आघाडीवरही फॉलोऑन देता येतो हे आपले कर्णधार अजित वाडेकर यांच्या ध्यानात होतं. त्यांनी प्रतिस्पर्ध्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन त्यांचे कर्णधार सोबर्स यांना तसं सांगितलं. वाडेकरांसारखा सावध माणूस प्रत्येक संघाला मिळत नाही, प्रोग्राममध्ये मात्र तेवढी एक ओळ लिहिली की झालं.

अमेरिकेत बेसबॉलवाल्यांनी हा वाद कधीच पचवला आहे. तिथे १९६१ पासून स्ट्रॅट-ओ-मॅटिक या खेळाची पत्ते आणि फाशांवरची बैठक चालते. १९८७ मध्ये तर बाल्टिमोरचे माजी मॅनेजर अर्ल वीव्हर यांना विचारून विचारून त्यांच्या डावपेचांवर एक कॉम्प्युटर खेळ बेतला गेला आणि नावही त्यांचंच दिलं गेलं. शिवाय १९८९ मध्ये सुरू झालेल्या रेट्रोशीट या संस्थेच्या हौशी लोकांनी जुन्या सामन्यांचे बारीकसारीक तपशील गोळा करून ठेवलेत. एखादा मॅनेजर दमलेला पिचर किती वेळ ठेवत असे, हे तिथे नोंदींतून काढता येतं. आपल्याकडे १९४८ च्या रणजी सामन्याचा धावफलक मिळतो. कोणत्या षटकात कर्णधाराने चेंडू काढून दुसऱ्याच्या हातात दिला, हे त्या धावफलकात नसतं. म्हणजे आपला कॉम्प्युटर-कर्णधार त्या काळच्या माणसाची नक्कल करूच शकत नाही. तो २०२० नंतरच्या डोक्याने १९४८ चा संघ चालवतो.

याचा नमुना पुण्यातच आहे. डिसेंबर १९४८ मध्ये इथे महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड सामना झाला. काठियावाड २३८ वर आटोपलं. मग भाऊसाहेब निंबाळकरांनी कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. मधल्या सुट्टीत महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा होत्या आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनच्या ४५२ चा विक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकूरसाहेब म्हणाले, डाव घोषित करा नाहीतर आम्ही घरी जातो. महाराष्ट्राने आणखी दोन षटकं मागितली. पाहुणे सामना सोडून स्टेशनच्या वाटेला लागले. निंबाळकर पुढे एकही कसोटी खेळले नाहीत.

हा सामना मुलाच्या प्रोग्रामला दिला तर काय होतं? मी तीन वेळा पाहिलं. महाराष्ट्राचा कॉम्प्युटर-कर्णधार साडेपाचशेच्या आसपास डाव घोषित करून मोकळा होतो. त्याच्या हिशेबात चूक काहीच नाही. तीनशेची आघाडी आहे, वेळ आहे, गोलंदाज ताजे आहेत. पण त्यामुळे ठाकूरसाहेबांना रुसायची संधीच मिळत नाही. तो डाव घडला याचं कारण एका कर्णधाराने आपल्या माणसाला विक्रमासाठी खेळू दिलं, आणि तो अपुरा राहिला याचं कारण दुसऱ्याला आपल्या संघाचं नाव त्या विक्रमाखाली कायमचं छापलं जायला नको होतं. जिंकण्या-हरण्याचा दोन्हीत संबंध नाही. ५८८ ने मागे असलेला संघ आणखी काय हरणार?

काका इथे टेबलावर हात आपटतात. मला मात्र त्यांचं सगळं पटत नाही. त्यांचं म्हणणं असं, की असे निर्णय माणसानेच घ्यावेत. पण माडीवर बसलेले काका म्हणजे ठाकूरसाहेब नव्हेत. त्यांना निंबाळकरांच्या ४५३ व्हायला हव्या आहेत, म्हणून ते काठियावाडला मैदानात डांबून ठेवणार. तीही नक्कल खोटीच, फक्त प्रेमाची.

त्याच हंगामातला मुंबई-महाराष्ट्र सामना घ्या, मार्च १९४९, हाही पुण्यातलाच. मुंबई ६५१, महाराष्ट्र ४०७. २४४ ची आघाडी असूनही मुंबई पुन्हा फलंदाजीला आली, ८ बाद ७१४ केल्या आणि समोर ९५९ चं लक्ष्य ठेवलं. महाराष्ट्राने ६०४ केल्या. एका सामन्यात २३७६ धावा! सामना निकालापर्यंत खेळायचा असेल तर ही घाई न करणारी चाल वेडगळ ठरत नाही. पण दिवसांची मर्यादा गृहीत धरून लिहिलेला प्रोग्राम तिला वेडगळच म्हणेल. इथे दोष कॉम्प्युटरचा नाही, त्याला त्या वेळचा नियम न सांगणाऱ्याचा आहे.

म्हणून माझं मत मधलं आहे, आणि पेठेत मधल्या मताला कोणी चहा पाजत नाही. गोलंदाजीतले बदल, क्षेत्ररक्षण, फलंदाजीचा क्रम हे सगळं कॉम्प्युटरकडे द्यावं. काकांच्या हातून तेवढं तरी सुटायला हवं. डाव घोषित करणं, फॉलोऑन आणि सामना सोडणं या तीन गोष्टी मात्र प्रत्यक्षात जशा घडल्या तशाच प्रोग्राममध्ये बांधून टाकाव्यात. त्या बदलून खेळायचं असेल तर खुशाल खेळा, पण वहीच्या मागच्या पानांवर.

गेल्या रविवारी या अटींवर काठियावाडचा सामना पुन्हा खेळवला. निंबाळकर १९ वर त्रिफळाचित. माडीवर मिनिटभर कोणी बोललं नाही. मग काकांनी पेन्सिलीने लिहिलेलं ते अख्खं पान खोडरबराने पुसलं, वर फुंकर मारली आणि मुलाला म्हणाले, "ती नेट प्रॅक्टिस होती. लाव पहिल्यापासून."