गच्चीवरची काचेची भट्टी

सरळ मुद्द्यावर येतो. पुण्यात गच्चीवर काचेचं किंवा पॉलिकार्बोनेटचं बंदिस्त ग्रीनहाऊस बांधणं हा शुद्ध वेडेपणा आहे. आणि ते विकणारे लोक आपल्या हौसेवर खुशाल पैसे कमावताहेत.

टेरेस फ्लॅट घेतला की वर्षभरात कुणीतरी ब्रोशर घेऊन येतोच. त्यावर इंग्लंडातल्या कुठल्याशा बागेचा फोटो, पांढरी चौकट, आत टोमॅटो लगडलेले. अहो, तिथे काच लागते कारण तिथे एप्रिलातही थंडी असते! १८४५ मध्ये तिथला काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली, आणि १८५१ साली जोसेफ पॅक्स्टनने ग्रीनहाऊसच्याच धर्तीवर अख्खा क्रिस्टल पॅलेस उभा केला. त्यांचा प्रश्न ऊब साठवण्याचा. आपला प्रश्न मे महिन्यातलं चाळिशीला टेकलेलं ऊन आणि जुलैची झड. रिक्वायरमेंट वेगळी असताना दुसऱ्याचा कोड कॉपी-पेस्ट करायचा, आणि क्रॅश झाला की युजरला शिव्या!

बरं, 'काच उष्णता अडकवते' हे आपण शाळेत घोकलेलं. १९०९ साली रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने दोन खोकी घेतली. एकावर काच लावली, दुसऱ्यावर सैंधवाची पाटी. सैंधव उष्णतेचे किरण बाहेर जाऊ देतं, काच अडवते. तरी दोन्ही खोकी जवळपास सारखीच तापली. म्हणजे मुख्य करामत कोंडलेल्या हवेची. तेव्हा विक्रेता 'आमची शीट इम्पोर्टेड आहे हो' म्हणाला की एकच विचारा, गरम हवा कुठून बाहेर जाणार? माझ्याकडे आलेल्या कोटेशनमध्ये छपराला एकही खिडकी नव्हती. दार मात्र नक्षीचं होतं.

पॉलिकार्बोनेट वाईट नाही. काचेपेक्षा हलकं, गारांना दाद देत नाही. पण ते उन्हात वाढतं. तीन मीटरची शीट ४० अंशांच्या फरकात साधारण ८ मिलिमीटर लांब होते. म्हणून स्क्रूचं भोक मोठं ठेवायचं असतं, आणि यूव्ही थर एकाच बाजूला असेल तर ती बाजू वर. शीटच्या पोकळ नळ्यांची तोंडं टेपने बंद करायची, नाहीतर आत शेवाळ. हे बसवायला येणाऱ्या मुलांना कुणी सांगतच नाही. मग शीट तडकते, पिवळी पडते, आणि वर स्लॅबला पाडलेल्या भोकांमुळे वॉटरप्रूफिंगची वाट लागते ती वेगळीच.

तळेगावला गुलाबाची पॉलिहाऊस बघून या. ज्यांचं पोट त्यावर आहे ते काय वापरतात? जीआय पाइप आणि २०० मायक्रॉनची यूव्ही-स्टॅबिलाइज्ड फिल्म. बाजूचे पडदे गुंडाळता येतात आणि छपराला वर लांब उघडी फट. फिल्म काही वर्षांनी बदलावी लागते, हा खर्च त्यांनी हिशोबात धरलेला असतो. लेहमध्ये हिवाळ्यात पारा उणे १५-२० ला जातो, तिथे बंदिस्त ग्रीनहाऊस वरदानच आहे. कोथरूडमध्ये?

मला चीड पैशांची नाही. बंद खोक्यात दुपारी ३५ च्या वर गेलं की टोमॅटोची फुलं गळतात, मधमाशी आत येत नाही, आणि माझ्याच वयाची माणसं 'आमचा हात झाडांना मानवत नाही' असं म्हणून कुंड्या वॉचमनला देऊन टाकतात. एक चांगली सवय सुरू व्हायच्या आधीच मेली, राव.

सांगाडा बांबूचाही चालतो, फक्त बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडमध्ये मुरवलेला, नाहीतर भुंगा पोखरतो. तो कठड्याला घट्ट बांधा, वळवाचा वारा मस्करी करत नाही. मार्च ते मे ५० टक्क्यांची शेडनेट. जूनमध्ये ती काढून वर फक्त उतरती फिल्म, चारही बाजू उघड्या. पाऊस ओसरला की तीही गुंडाळून सावलीत ठेवायची, म्हणजे जास्त टिकते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वर काहीच नको. ते ऊन फुकट आहे.