माळरानावर झाडे लावू नका

महाराष्ट्राने २०१६ मध्ये २ कोटी झाडे लावायचे ठरवले, पुढच्या वर्षी ४ कोटी, त्याच्या पुढच्या वर्षी १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. या मोहिमेवर नंतर बरीच टीका झाली, विधिमंडळातही ती गाजली, आणि बहुतेक टीकेचा रोख एकच होता: लावलेल्यांपैकी जगली किती? प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या आधी विचारायचा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही, तो म्हणजे ही झाडे लावली कुठे. इंदापूर, बारामती, करमाळा, कर्जत, माण, खटाव या पट्ट्यातल्या माळावर लावलेले रोप वाळून गेले तर सरकारचा पैसा वाया जातो. ते जगले आणि त्याच्यासोबत आणखी हजारभर जगली, तर माळ जातो. हवामानबदल आणि जमिनीची धूप या दोन्हींवर झाड हाच उतारा, असे धरून चालणाऱ्या धोरणाच्या वहीत या दुसऱ्या नुकसानीला रकाना नाही. तिथे ते यश म्हणून जमेला धरले जाते.

सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेत वर्षाला साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. खाली मुरूम, वर मातीचा पातळ थर. अशा जमिनीवर हजारो वर्षांत जे टिकले ते गवत: शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी, आणि मधूनमधून एखादा हिवर, बोर किंवा बाभूळ. पावसाळ्यात हा माळ हिरवागार असतो, दिवाळीनंतर पिवळा पडतो आणि उन्हाळ्यात पार उजाड दिसतो. लागवडीचे खड्डे खोदले जातात तेही उन्हाळ्यातच, त्यामुळे खोदणाऱ्याला इथे आधीपासून काही आहे असे वाटतच नाही. प्रत्यक्षात काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांची ही घरे आहेत. माळढोक जमिनीवर अंडे घालतो आणि दूरवर नजर पोचेल अशी मोकळी जागा त्याला लागते. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नज परिसरात अभयारण्य झाले. कागदावर ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते, पुढे छाटून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले, आणि आज महाराष्ट्रात माळढोक दिसला तर बातमी होते. त्याला शिकार, विजेच्या तारा, वाढती बागायत अशी अनेक कारणे आहेत, सगळा दोष लागवडीवर टाकणे अन्यायाचे होईल. पण मोकळा माळ हाच त्याचा निवारा होता, हे वनधोरणाने कधी मनावर घेतले नाही, हेही खरेच.

मनावर न घेण्याची परंपरा जुनी आहे. मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरू केली ती इंदापूर तालुक्यातच, म्हणजे अस्सल माळरानाच्या मुलखात. सारा देणारी जमीन कामाची आणि न देणारी पड, हा हिशेब तेव्हापासून दप्तरात बसला. स्वातंत्र्यानंतर १९५२ आणि १९८८ या दोन्ही राष्ट्रीय वननीतींनी देशाची एक तृतीयांश जमीन वृक्षांखाली आणण्याचे लक्ष्य ठेवले. हे लक्ष्य गाठायला जागा हवी, म्हणून १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ आले, मग पडीक जमिनींचे नकाशासंग्रह आले. २०१९ च्या संग्रहाने देशाच्या सुमारे १७ टक्के भूभागाला पडीक ठरवले. दुसरीकडे भारतीय वन सर्वेक्षण संस्था एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर १० टक्क्यांहून जास्त छत्र दिसले की तिला वनाच्छादन म्हणते, मग ते झाड कुठलेही असो आणि जमीन कोणाचीही. या व्याख्येत आंब्याची बाग वनात बसते आणि काळविटांचा कळप चरतो तो माळ बसत नाही. २०२३ च्या अहवालात वन आणि वृक्षाच्छादन मिळून देशाच्या २५.१७ टक्के क्षेत्र दाखवले आहे. त्यातला किती भाग गवत झाकून मिळवलेला आहे, हे त्या अहवालातून कळायला मार्ग नाही. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी उपग्रहचित्रांवरून देशातल्या निमशुष्क, खुल्या नैसर्गिक प्रदेशांचा नकाशा तयार केला. असे प्रदेश भारताच्या सुमारे १० टक्के जमिनीवर आहेत आणि त्यांतले ५ टक्केही संरक्षित क्षेत्रात नाहीत, असे त्यातून दिसले.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: माळ म्हणजे तोडलेले जंगल, माणसाने कुऱ्हाड चालवली, जनावरांनी रोपे खाल्ली, मग गवत उरले, तेव्हा झाडे लावणे म्हणजे जमिनीला तिचे मूळ रूप परत देणे. शाळेपासून मनात रुजलेली ही समजूत आहे. पुरावा मात्र तिच्या बाजूने नाही. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीत काळविटाची हाडे सापडली आहेत, आणि काळवीट हा घनदाट अरण्यात राहणारा प्राणी नव्हे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय, लोककथा आणि ओव्या साक्षीला काढल्या. त्यांत पश्चिम महाराष्ट्रातल्या ज्या वनस्पतींचे उल्लेख येतात, त्यांतल्या बहुसंख्य खुल्या, गवताळ, काटेरी प्रदेशाच्या आहेत. म्हणजे निदान साडेसातशे वर्षे हा मुलूख असाच होता. सर्वच मोकळी जमीन अशी पुरातन आहे असे मी म्हणत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर जंगल तुटून उघडे पडलेले डोंगर आहेतच, आणि तिथे झाड परत आणणे हे कर्तव्य आहे. मुद्दा एवढाच की उघडी दिसते म्हणून जमीन उजाड झालेली असते असे नाही, आणि हा फरक गावोगाव जागेवर तपासल्याशिवाय कळत नाही.

न तपासता काय होते? पोकलेन आणून उतारावर सलग समतल चर खणले जातात. गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली माती उकरून बाजूला पडते, मुरूम वर येतो आणि धूप थांबवण्याच्या कामातूनच धुपीला तोंड मिळते. मग गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी अशी झपाट्याने वाढणारी, जनावरे सहसा तोंड न लावणारी किंवा पाण्याला हावरी झाडे लावली जातात. सावलीत गवत मरते. याचा शेवट कुठे होतो ते पाहायला कच्छच्या बन्नीत जावे. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरच्या त्या गवताळ प्रदेशात क्षारता रोखण्यासाठी १९६० च्या दशकात वनखात्यानेच वेडी बाभूळ लावली. ती इतकी फोफावली की बन्नी म्हशींचे चराईक्षेत्र आक्रसले, आणि आता तिथे ती मुळासकट काढून पुन्हा देशी गवत पेरण्यावर खर्च करावा लागतो आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण त्यामागे हवामानाची निकड आहे. भारताने पॅरिस कराराअंतर्गत २०३० पर्यंत वने आणि वृक्षांद्वारे अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड अतिरिक्त शोषून घेण्याचे वचन दिले आहे. मग गवताची कौतुके करत बसायला वेळ कुठे आहे? यावर सरकारचेच आकडे वाचावेत. २००५ ते २०२१ या काळात २.२९ अब्ज टनांची भर पडल्याचे वन सर्वेक्षण संस्था सांगते, म्हणजे उरलेल्या वाट्यासाठी माळावर धाड घालावी अशी आणीबाणी नाही. शिवाय त्याच संस्थेच्या हिशेबात वनांमधल्या एकूण कार्बनपैकी निम्म्याहून अधिक साठा खोडा-फांद्यांत नसून मातीत आहे. जंगलाची ही स्थिती, तर माळाविषयी बोलायलाच नको. गवत आपली पुंजी जमिनीखाली, मुळांत आणि मातीत ठेवते. वणव्यात किंवा दुष्काळात वरचे पाते गेले तरी खालचे शाबूत राहते. रखरखीत प्रदेशातली दाट लागवड मात्र एका आगीत किंवा सलग दोन-तीन कोरड्या वर्षांत साठवलेले परत हवेत सोडते. तापमान वाढणार आणि पाऊस अधिक लहरी होणार, हे मान्य करूनच आपण ही लागवड करतो. मग त्याच बदलाला सर्वांत आधी बळी पडेल असा साठा कमी पावसाच्या मुलखात उभारणे याला दूरदृष्टी म्हणता येणार नाही.

धोरणात काम करणाऱ्यांना यातले बरेच ठाऊक आहे. अडचण त्यांच्या माहितीत नाही, त्यांना दिलेल्या मोजपट्टीत आहे. इस्रोच्या नकाशासंग्रहानुसार २०१८-१९ मध्ये देशाची ९ कोटी ७८ लाख हेक्टर, म्हणजे २९.७७ टक्के जमीन ऱ्हासाच्या कोणत्या ना कोणत्या अवस्थेत होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास जाते. २०१९ मध्ये ग्रेटर नोएडात झालेल्या वाळवंटीकरणविरोधी परिषदेत भारताने २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर जमीन सुधारण्याचे जाहीर केले. ही सुधारणा जगभर तीन निकषांवर मोजतात: जमिनीवरचे आच्छादन, उत्पादकता आणि मातीतला सेंद्रिय कार्बन. त्यातल्या आच्छादनाच्या प्रमाणित तक्त्यात गवताळ जमिनीवर झाडे आली की ती सुधारणा धरली जाते. तक्ता आपल्या परिस्थितीनुसार बदलण्याची मुभा प्रत्येक देशाला आहे, हे मुद्दाम सांगायला हवे. देशांतर्गत मोजपट्टी तर आणखी ताठ. केंद्राच्या ग्रीन क्रेडिट कार्यक्रमाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हेक्टरी किमान १,१०० झाडांची अट घातली, म्हणजे दर नऊ चौरस मीटरला एक झाड, आणि त्यासाठी झुडपी व पडीक जमिनीही पात्र ठरवल्या. टीका झाल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये नियम सुधारले, पण त्यातही पाच वर्षांनी किमान ४० टक्के छत्र असावे अशी अट आली. ४० टक्के छत्राखाली शेडा-पवन्याचा माळ उरत नाही. ही अट पाळणारा अधिकारी कार्यक्षम ठरेल, आणि गवत राखणाऱ्याच्या हाती दाखवायला आकडा नसेल.

आकड्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. सरकारी कामाला मोजता येईल असे काही लागतेच, आणि खड्डे-रोपांतून रोजगार हमीला काम मिळते. पण हिमाचलातल्या कांगडा जिल्ह्यात अनेक दशकांच्या लागवडींचा अभ्यास झाला, तेव्हा वनछत्रात म्हणण्याजोगी वाढ आढळली नाही आणि गावकऱ्यांच्या उपजीविकेलाही हातभार लागलेला दिसला नाही. म्हणजे जिथे झाडांना हवामान अनुकूल तिथेही मोजलेले रोप आणि मिळालेला लाभ यांची गाठ पडत नाही. आणि मोजायचेच तर गवतही मोजता येते: हेक्टरी किती टन चारा निघाला, देशी गवताच्या किती जाती आढळल्या, मातीत सेंद्रिय कार्बन किती. अतिचराईने झिजलेले माळ आहेत हे कबूल. त्यांना गरज आहे ती काही वर्षांच्या विश्रांतीची आणि गवताच्या बियाण्याची. हिवरे बाजारने डोंगरावर चराईबंदी केली आणि गवत कापून नेण्याची मुभा ठेवली, त्यातून चाऱ्याचे उत्पादन कसे वाढले हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. या कामातही मजुरी आहेच. मात्र बंदीचा निर्णय गावाने आणि चारणाऱ्यांनी मिळून घ्यावा लागतो. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन निघणाऱ्या धनगरांना २००६ च्या वनाधिकार कायद्याने हंगामी चराईचा हक्क दिला आहे. तो कागदावरून माळावर उतरला नाही तर कुंपण घातलेली प्रत्येक लागवड त्यांच्या वाटेवरच येणार.

मग झाडे लावायची नाहीत का? जरूर लावावीत: ओढ्या-नाल्यांच्या काठी, शेताच्या बांधावर, गावठाणात, रस्त्याकडेला, आणि सह्याद्रीच्या तोडल्या गेलेल्या उतारांवर. पुणे वनविभागाने इंदापूर-बारामती भागात कडबनवाडी, शिर्सुफळ येथे पर्यटकांसाठी गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. खात्यातल्या लोकांना माळाची किंमत कळते याचा हा पुरावाच, फक्त ती तिकिटापुरती राहू नये. संयुक्त राष्ट्रांनी मंगोलियाच्या पुढाकाराने २०२६ हे गवताळ प्रदेश आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले आहे. या निमित्ताने राज्य सरकारने आपले माळ पडीक जमिनीच्या यादीतून वेगळे काढून त्यांची स्वतंत्र नोंद करावी, आणि केंद्राने आच्छादनाच्या तक्त्यात गवतावरच्या लागवडीला सुधारणा मानणे बंद करावे. हे होईपर्यंत कोणत्याही माळावर पोकलेन नेण्याआधी गवताची आणि चराईच्या हक्कांची पाहणी सक्तीची करावी, आणि ती पाहणी पावसाळ्यात व्हावी.