अडाणी कोण: खेळाडू की खानावळ?

बास्केटबॉलपटूंच्या आहारज्ञानाचे सर्वेक्षण हाती आले की त्याचा शेवट न वाचताही सांगता येतो. खेळाडूंना प्रश्नावली द्यायची, गुण मोजायचे आणि ते कमी भरले की ‘जागृतीची नितांत गरज आहे’ असे लिहून मोकळे व्हायचे. मग एखादे महाविद्यालय तासाभराचे व्याख्यान ठेवते, शेवटी चहा-बिस्किटे वाटली जातात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खेळाडू तशाच चहा-बिस्किटांवर सरावाला उभा राहतो. खेळाडूला कळत नाही म्हणून तो चुकीचे खातो, हे या साऱ्यामागचे गृहीतक. माझा आक्षेप नेमका त्यावर आहे.

ज्ञान आणि ताट यांचा संबंध शास्त्राने तपासला आहे. २०१४ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये २९ अभ्यासांचे पुनरावलोकन प्रसिद्ध झाले, त्यांत खेळाडूंवरील अभ्यासही होते. ज्ञान अधिक असलेल्यांचा आहार बहुधा थोडा बरा असतो, पण हा संबंध दुबळा आहे, असे त्यातून दिसले. ज्ञान निरुपयोगी नाही, पण एकटे पुरेसेही नाही. आपल्याकडे उपाय मात्र एकच: आणखी एक व्याख्यान.

आता गरज पाहू. झेप, थांबा, वळण, पुन्हा वेग असा हा तुटक पण तीव्र श्रमांचा खेळ. त्याचे मुख्य इंधन स्नायूंतील ग्लायकोजेन, आणि त्याची भरपाई होते कर्बोदकांनी. रोज सुमारे तासभर सराव करणाऱ्याला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ५ ते ७ ग्रॅम कर्बोदके आणि १.२ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात, असे क्रीडापोषणाचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते. ६० किलोच्या खेळाडूसाठी हे झाले ३०० ते ४२० ग्रॅम कर्बोदके आणि ७२ ते १२० ग्रॅम प्रथिने. दिवसाला ३५० ग्रॅम धान्य, १०० ग्रॅम डाळ, अर्धा लिटर दूध आणि ५० ग्रॅम शेंगदाणे एवढ्यात ही गरज भागते. यात महाग किंवा परदेशी असे काहीच नाही.

पण ते ताटात पडायला हवे. रात्री साडेआठला सराव संपवून वसतिगृहात परतणाऱ्या मुलीसाठी उरतो गार भात आणि पातळ वरण. प्रश्नावलीत तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले, तरी वरण घट्ट होत नाही. त्यातच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. स्नायूंना प्राणवायू पोहोचवणारे हिमोग्लोबिनच कमी असेल, तर दमछाकीचा दोष तिच्या जिद्दीवर का टाकायचा? तिला आधी रक्ततपासणी हवी, उपदेश नंतर.

ताटातील ही पोकळी बाजार भरून काढतो, तो भुकटीच्या डब्याने. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिनपूरकांची तपासणी २०२४ साली ‘मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांवरील प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. काहींत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीजन्य विषही सापडले. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी शरीर कमावण्यासाठी अशी पूरके टाळा, असे बजावले. तरीही खेळाडू हा डबा घेतो, कारण तो सरावानंतर कोणत्याही वेळी उघडता येतो. खानावळीचे दार तसे उघडत नाही.

मग व्याख्याने बंद करायची काय? मुळीच नाही, फक्त श्रोते बदलायचे. तीच प्रश्नावली प्रशिक्षकांना, क्रीडासंचालकांना आणि खानावळीच्या कंत्राटदारांना द्यावी. सरावाची वेळ कोण ठरवतो? जेवणाची? डाळीचे प्रमाण कोण लिहितो? ज्यांच्या हाती हे निर्णय आहेत, त्यांच्या ज्ञानाचे गुण आधी जाहीर व्हावेत.

क्रीडाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एकच विनंती. पुढील प्रबंधासाठी खेळाडूचे गुण जरूर मोजा, पण सराव संपल्यावर किती मिनिटांनी त्याच्यापुढे ताट आले आणि त्यात काय होते, हेही नोंदवा. हा आकडा छापून आला, तर अज्ञान कोणाचे हे वेगळे सांगावे लागणार नाही.